भांड्यांच्या दुकानाची नवी वेबसाइट गूगलवर का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या भांडी बाजारात वडिलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं जुनं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी वेबसाइट सुरू केली, ७२ वस्तू फोटोंसह चढवल्या. दुकानाचं नाव टाकलं की साइट सापडते, पण ‘तांब्याची भांडी’ टाकलं तर दहाव्या पानापर्यंत पत्ता नाही. आता एक एजन्सी ‘३० दिवसांत पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणते आणि २५,००० रुपये आगाऊ मागते. द्यावेत का?

आगाऊ पैसे देऊ नका. निदान खाली सांगते ती तपासणी घरच्या घरी करून होईपर्यंत तरी नको. मी नाशिकमध्येच १३ वर्षं एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट दिसावी यासाठीचं, काम करते आहे. माझी गिऱ्हाइकं बहुतेक तुमच्यासारखीच: एक दुकान, एक गल्ला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर साइट सांभाळणारं घरातलं कुणीतरी. त्यामुळे तुमची अडचण मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न अडकलेले आहेत. गूगलला तुमची पानं सापडली आहेत का? सापडली असतील तर त्याने ती आपल्या नोंदीत घेतली आहेत का? आणि घेतली असतील तर कुणी काय शोधल्यावर ती दाखवायची, हे त्याला कळतंय का? या तिन्हींना सगळे सरसकट ‘रँकिंग’, म्हणजे निकालातला क्रमांक, म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. पहिल्याचा इलाज बहुधा दहा मिनिटांत होतो, दुसऱ्याला काही आठवडे लागतात आणि तिसऱ्याला महिने. आधी आपलं दुखणं कुठलं ते बघू.

गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहा, लगेच कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. गूगलने नोंदलेली तुमची पानं समोर येतील. ही यादी अंदाजापुरती असते, पण ७२ वस्तू असताना तिथे सहाच पानं दिसली तर काय ते कळतं. नेमकं उत्तर सर्च कन्सोलमध्ये मिळतं. हे गूगलचं स्वतःचं साधन आहे आणि मोफत आहे. २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, म्हणून जुने लोक अजूनही त्याच नावाने ओळखतात. तिथे साइटची मालकी सिद्ध करा, साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या आणि मग ‘पेजेस’ हा अहवाल उघडा. किती पानं नोंदली गेली, किती नाही आणि का नाही, हे तिथे कारणासकट लिहिलेलं असतं. खातं मात्र तुमच्या किंवा वडिलांच्या ईमेलवरच काढा, डेव्हलपरच्या नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे तेही आजच बघून घ्या. साइट चालायला लागल्यावर डोमेन दुसऱ्याच्या नावावर निघालं की काय होतं, ते मी दोन कुटुंबांत पाहिलं आहे. पुन्हा कुणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

याच टप्प्यावर एक साधी चूक वारंवार सापडते. कॉलेज रोडवरच्या एका क्लासची साइट माझ्याकडे आली तेव्हा पाच महिने जुनी होती आणि गूगलवर तिचं एकही पान नव्हतं. मालकांनी तोपर्यंत मजकूर दोनदा बदलून घेतला होता. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार साधनावर, होती. सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ म्हणून एक पान असतं. त्याच्या तळाशी, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाची एक चौकट असते आणि तिच्यात टिक तशीच राहिली होती. साइट बनत असताना ती टिक असणं योग्यच, अर्धवट काम लोकांपुढे जायला नको. सुरू करताना ती काढायची राहून जाते. टिक काढली, सर्च कन्सोलमधून मुख्य पान पुन्हा तपासायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात पानं दिसायला लागली. तुमचं मुख्य पान दिसतंय, म्हणजे साइटभर ही टिक नसावी. पण एखाद्या एसईओ प्लगिनमधून, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, फक्त वस्तूंच्या पानांवर ‘नोइंडेक्स’ लागलेलं असू शकतं. दोन-तीन वस्तूंचे पत्ते सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत टाकून खात्री करा.

इथे आणखी एक गफलत होते. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, तिच्यात मनाई लिहिलेली असली तर तो गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, आतच येऊ देत नाही. ‘नोइंडेक्स’ ही घरात लावलेली पाटी: आमची नोंद करू नका. कुणी दोन्ही एकदम लावलं तर बॉट फाटकावरूनच परत जातो आणि ती पाटी वाचलीच जात नाही. मग बाहेरून कुणी लिंक दिलेली असली तर नुसता पत्ता, मजकुराशिवाय, गूगलच्या यादीत लटकत राहतो.

दार उघडं आहे असं धरून पुढे जाऊ. तुमचं दुखणं दुसऱ्या टप्प्यावरचं असावं असा माझा अंदाज आहे. पेजेसच्या अहवालात ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ या ओळीपुढे मोठा आकडा दिसला तर अंदाज बरोबर समजा. त्याचा अर्थ असा की गूगल आलं, पान वाचलं आणि नोंदवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

असं का व्हावं? तुम्ही नमुन्यासाठी तीन वस्तूंचा मजकूर प्रश्नात दिला आहे. ‘शुद्ध तांब्यापासून बनवलेला उत्तम दर्जाचा हंडा. पारंपरिक व आकर्षक. आजच मागवा.’ हंडा, कळशी आणि घंगाळ, तिन्ही ठिकाणी नाव तेवढं बदललेलं आणि बाकी वाक्य तेच. ७२ पानांवर हेच असेल तर गूगलच्या लेखी ते एकच पान ७२ वेळा छापल्यासारखं झालं. वर, अशाच वाक्यांची हजारो पानं मोठ्या बाजारपेठांच्या साइट्सवर आधीपासून आहेत. तुमच्या वाक्यात खोटं काहीच नाही, पण ते तुमच्या दुकानाचंही वाटत नाही. देशातलं कुठलंही दुकान ते लिहू शकेल.

म्हणून पहिलं काम, पानं कमी करा. एकाच घाटाचा लोटा सात मापांत असेल तर सात पानं नकोत. एक पान करा आणि त्यात मापांचा तक्ता द्या: किती मिली, किती ग्रॅम, तोंडाचा व्यास किती. जुन्या सहा पत्त्यांवरून नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय, लावा, नाहीतर जुन्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या पानावर जाऊन पडेल. हंडा आणि कळशी मात्र एकत्र करू नका. त्या वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक त्या वेगवेगळ्या नावांनीच शोधतात. ७२ची २५-३० झाली तरी बिघडत नाही.

आता तिसरा टप्पा. इथून पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. माल कुणाला विकायचाय, हे प्रश्नात आलेलं नाही. नाशिककरांनी दुकानात यावं एवढंच हवं असेल तर काम सोपं आहे आणि त्यात साइटचा वाटा दुय्यम आहे. पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवायचं असेल तर ‘तांब्याची भांडी’ या शब्दांवर तुमची गाठ मोठ्या कंपन्यांशी आहे. तिथे या वर्षी पोचायचा आग्रह धरू नका. ते शब्द फार रुंद आहेत. तसं शोधणाऱ्या माणसाला पाण्याची बाटली हवी आहे, की डिनर सेट, की लग्नात द्यायला हंडा-कळशी, हे त्याचं त्यालाही अजून ठरवायचं असतं. उलट ‘तांब्याचा बंब १५ लिटर’ किंवा ‘पितळी परात लग्नासाठी’ असं शोधणारे थोडे असतात, पण ते खिशात हात घालून आलेले असतात. नव्या साइटने सुरुवात अशा शब्दांपासून करावी.

हे शब्द शोधायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, तुमच्या वडिलांच्या शेजारी बसावं लागतं. माझ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी गल्ल्याशेजारी १०० पानी वही ठेवायला सांगते. १५ दिवस, येणारा माणूस पहिलं वाक्य जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. ‘घंगाळ आहे का, बाळाच्या अंघोळीला?’ ‘जुनी मोड घेता का?’ ‘ही समई किती किलोची?’ ‘पातेल्याला कल्हई करून देता?’ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्नही त्याच वहीत उतरवायचे. दिंडोरी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत आम्ही हे केलं तेव्हा मालक ‘दर्जेदार कलमे’ असं लिहीत होते आणि येणारा प्रत्येक शेतकरी ‘कलम कोणत्या महिन्यात लावू?’ असं विचारत होता. त्या एका प्रश्नावर लिहिलेलं पान पुढे त्यांच्या साइटवर सर्वांत जास्त वाचलं गेलं.

वही भरली की त्यातले शब्द एकेक करून गूगलच्या चौकटीत टाका आणि खाली आपोआप काय सुचवलं जातं ते बघा. लोक कोणता शब्द किती शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करता येते. भाषेचा पेच मात्र नीट समजून घ्या. तुमचं गिऱ्हाईक एकच वस्तू चार तऱ्हांनी शोधतं: देवनागरीत मराठी, रोमन अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी. आपल्या गावाचं नावसुद्धा रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, ‘एच’ घालून आणि न घालता. म्हणून एकाच पानावर चारही भाषांची भेळ करू नका. गूगल पानाची भाषा त्यावर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं आणि सरमिसळ असली की त्याचा गोंधळ होतो. एक पान, एक भाषा. तीच माहिती इंग्रजीतही द्यायची असेल तर वेगळा पत्ता घ्या आणि दोन्ही पानं ‘एचरेफलँग’ने, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या खुणेने, एकमेकांना जोडा. वेळ कमी असेल तर आधी मराठी पानं चांगली करा. इंग्रजीत या विषयावर भरपूर लिहिलेलं आहे. मराठीत आजीच्या घंगाळाबद्दल काही शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. गेल्या वर्षी सासूबाईंचं पितळी पातेलं कल्हईला घेऊन मी तुमच्याच भागात आले होते. दुकानातल्या आजोबांनी पातेलं उजेडाकडे धरलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘ताई, हे बघा, इथे पिवळं उघडं पडलंय. यात आमटी नका ठेवू, कळकेल.’ (उघड्या पितळेला लागून आंबट पदार्थ बिघडतो, त्याला कळकणं म्हणतात.) मग त्यांनी कल्हई होताना दाखवली. पातेलं भट्टीवर तापलं, नवसागराची पूड पडली, पांढरा धूर निघाला. कथलाची कांडी आतल्या अंगाला टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवता फिरवता सगळं पातेलं आतून चांदीसारखं झालं. घरी निघताना वर एक सूचना मिळाली: ‘रिकामं गॅसवर तापवायचं नाही. कथील वितळतं.’ घरी येऊन पाहिलं, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि रिकामं पातेलं मोठ्या आचेवर तेवढं सहज तापतं. कल्हईच्या कढईत तळण करू नये, असं जुन्या बायका सांगायच्या तेही याचसाठी.

हे सगळं तुमच्या वडिलांना पाठ असेल. दिवसातून चार वेळा ते गिऱ्हाइकाला सांगतही असतील. पण तुमच्या साइटवर त्यातलं एक अक्षर नाही.

‘पितळी भांड्याला कल्हई: कधी करायची आणि कशी टिकवायची’ असं एक पान करा. वडील बोलतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. कळकणं म्हणजे काय, चिंच, ताक, टोमॅटो यांचं काय होतं, कल्हई गेली हे कसं ओळखायचं, तारेच्या घासणीने का घासू नये, तुमच्याकडे कल्हईला काय भाव पडतो आणि भांडं कधी परत मिळतं. भट्टीवरच्या पातेल्याचे चार फोटो घाला आणि त्या पानावरून पितळी पातेल्यांच्या पानाकडे लिंक द्या. मग दुसरं पान बंबाचं: नळी कुठून जाते, निखारे कुठे पडतात, किती लिटरच्या बंबात किती वेळात पाणी तापतं. तिसरं, लग्नाच्या रुखवतात कोणकोणती भांडी देतात त्याचं. आठवड्याला एक पान झालं तरी सहा महिन्यांत २५ होतात. त्यातली पाच-सहा चांगली चालली तरी दुकानाला फरक पडतो.

शिवाय २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं एआयने तयार करून वरच दाखवू लागलं आहे. ‘पितळ म्हणजे काय’ अशा प्रश्नावर लिहिलेल्या पानाकडे आता कुणी क्लिक करून येण्याचं फारसं कारण उरत नाही. पातेल्यात बोट फिरवून सांगितलेली गोष्ट मात्र तुमच्याकडेच येऊन वाचावी लागते.

एक काळजी घ्या. ‘तांब्याच्या पाण्याने अमुक आजार बरा होतो’ असं काही लिहू नका, मग ते कितीही ठिकाणी छापून आलेलं असो. आरोग्याच्या दाव्यांकडे गूगल जास्त कडक नजरेने बघतं, आणि मुळात कुणाच्या तब्येतीचा प्रश्न असताना आपण भांडं विकणाऱ्यांनी औषध सांगू नये.

तांत्रिक बाबी आता भराभर सांगते. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं आणि त्यात वस्तू, माप आणि गाव यावं: ‘पितळी पातेलं, ३ लिटर, कल्हईसह | नाशिक’ असं. खालचं वर्णन, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, रँकिंग वाढवत नाही. पण ते वाचून माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो, म्हणून नीट लिहा. ‘मेटा कीवर्ड्स’ची, म्हणजे पानाचे शोधशब्द भरायची, चौकट रिकामी सोडा. रँकिंगसाठी आपण ती वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. आजही कुणी त्या कामाचे पैसे मागत असेल तर त्याला या कामाची कितपत माहिती आहे ते कळून येतं. फोटो स्वतः काढा. भांड्याचा, त्याच्या बुडाचा, ठोक्यांच्या खुणांचा आणि काट्यावर ठेवून वजनाचा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, २०० केबीच्या आत आणा. गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं, त्यामुळे साइट लॅपटॉपवर कितीही देखणी असली तरी तुमच्या साध्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. तांब्याचा भाव सतत हलता असल्याने किंमतीशेजारी तारीख टाका.

नाशिकचं गिऱ्हाईक हवं असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, आधी पूर्ण करा, हवं तर साइटच्याही आधी. नकाशातल्या निकालांत गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, पण भांडी बाजारातून रामकुंड आणि काळाराम मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. पंचवटीत उभा राहून परगावचा माणूस ‘जवळचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान’ असं शोधतो, तेव्हा तुमचं प्रोफाइल भरलेलं हवं. वेळा बरोबर, साप्ताहिक सुट्टी बरोबर, गल्लीच्या तोंडापासून दुकान कसं दिसतं त्याचा फोटो, कारण त्या बोळात नकाशा माणसाला हमखास चुकवतो. दुकानाच्या नावात ‘नाशिकमधील सर्वोत्तम तांबे पितळ भांडी’ असली शेपटी जोडू नका. ते नियमाविरुद्ध आहे, कुणी तक्रार केली तर प्रोफाइल बंद पडू शकतं. अभिप्राय मागा, पण त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, त्यालाही बंदी आहे. गिऱ्हाईक भांडं घेऊन खूश होऊन निघतं त्या क्षणी वडिलांनी तोंडाने सांगितलं तरी पुरतं.

आणि २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवा. याआधीचा २०१५ मध्ये होता, तेव्हा इतक्या लोकांच्या हातात नकाशा नव्हता. गोदावरीचं पाणी घरी न्यायला गडू लागतात, पूजेला ताम्हण, पळी-पंचपात्र लागतं. त्याचं पान ऐन पर्वणीच्या आठवड्यात करून उपयोग नाही, गूगलला ते ओळखीचं व्हायला महिने द्यावे लागतात. हीच गोष्ट धनत्रयोदशीची. पान गणपतीच्या आधी तयार हवं. त्याच्या पत्त्यात वर्ष घालू नका आणि दिवाळी संपल्यावर ते काढूनही टाकू नका. दरवर्षी त्याच पत्त्यावरचा मजकूर ताजा करा, म्हणजे मागच्या वर्षी मिळालेली ओळख पुढच्या वर्षी कामी येते.

आता एजन्सीकडे येऊ. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलं आहे. मग ३० दिवसांत ते नेमकं काय करणार? बहुतेक वेळा विकतच्या लिंका. दुसऱ्या साइटवरून आलेली लिंक म्हणजे शिफारस, ही कल्पना गूगलच्या जन्मापासूनची आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेला पेजरँक, म्हणजे पानाचं महत्त्व मोजायचा हिशेब, त्याच कल्पनेवर उभा होता. म्हणून लोक शिफारशी विकत घ्यायला लागले, आणि २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या बदलाने गूगलने अशा साइट्सना खाली ढकललं. एका फर्निचरवाल्यांनी माझ्याकडे येण्याआधी कुणाकडून तरी ५०० लिंका घेतल्या होत्या. यादी उघडली तर परदेशी जुगाराच्या साइट्स आणि बंद पडलेले ब्लॉग. त्या लिंकांनी काही मिळालं नाहीच, उलट निस्तरण्यात आमचे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत त्यांनी स्वतःच्या लाकडाबद्दल कितीतरी लिहिलं असतं, याची मला अजून हळहळ वाटते.

तुमच्यासाठी खऱ्या लिंका कुठून येतील? ज्या कारागिरांकडून माल घेता त्यांची साइट असेल तर तिथून. व्यापारी संघटनेच्या सभासद यादीतून. एखाद्या स्थानिक वार्ताहराला कल्हईच्या भट्टीत रस वाटला तर त्या बातमीतून. मराठी पदार्थांवर लिहिणाऱ्या कुणाला तुमचं पितळी पातेलं आवडलं तर तिथून. पण त्यांना पैसे किंवा भांडं देऊन लिहून घेतलं असेल तर त्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण हवी, हे त्यांना सांगा. अशा पाच लिंका आल्या तरी वर्ष चांगलं गेलं म्हणेन.

एजन्सी नेमूच नये असं माझं म्हणणं नाही. वेळ नसेल तर नेमा, पण आधी विचारा. पहिल्या महिन्यात कोणत्या पानांवर काय काम करणार? लिंका घेणार असाल तर यादी दाखवाल का? सर्च कन्सोल आमच्या खात्यात राहील ना? करार संपला तर मजकूर कुणाचा? या चार प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, आणि ती आगाऊ रकमेसाठी घाई करत नाहीत.

वेळेचंही स्पष्ट सांगते. एसईओच्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलं आहे आणि माझा अनुभवही तसाच आहे. दोन महिन्यांत तुमची साइट न दिसणं हे अपयश नाही. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात आधी ‘इम्प्रेशन्स’ वाढतील, म्हणजे तुमचं पान निकालात खाली कुठेतरी दिसलं. क्लिक त्यानंतर येतात. नोंदलेली पानं वाढली का आणि नवे शब्द दिसू लागले का, एवढंच महिन्यातून एकदा बघा. रोज स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव शोधून क्रमांक पाहू नका, तुमच्या जागेप्रमाणे निकाल बदलतो आणि उगाच जीव खाली-वर होतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात सर्च कन्सोल आणि डोमेनची मालकी, पुढच्या दोन आठवड्यांत बिझनेस प्रोफाइल आणि पानांची छाटणी. वही मात्र उद्या सकाळी दुकान उघडतानाच गल्ल्यावर ठेवा. पेजेसच्या अहवालात कोणत्या कारणापुढे किती पानं आहेत, तो आकडा मला कळवा. ‘क्रॉल्ड’ऐवजी ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ मोठं निघालं तर गूगलला पत्ते कळलेत पण ते अजून आत आलेलं नाही, असा अर्थ होतो. मग आधी सर्व्हरचा वेग आणि मुख्य पानावरून वस्तूंकडे जाणाऱ्या लिंका बघाव्या लागतील. आणि कल्हईचं पान लिहून झालं की तेही दाखवा, वाचून सांगेन.